उलट उत्तर

चाचणीच्या बाकावरच्या चाळीसही पडद्यांवर अक्षरे उलटी उमटत होती आणि त्यांपैकी एकाही पडद्यात दोष नव्हता.

उलटी म्हणजे खाली डोके वर पाय अशी नव्हेत. डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे गेलेली. 'चाचणी' या शब्दातली वेलांटी सर्वांत आधी येत होती आणि पहिला 'चा' सर्वांत शेवटी. तपासणी विभागाच्या प्रमुखाने वायरी बदलल्या, बोर्ड बदलला, विजेचा पुरवठा मोजला. अक्षरे ढिम्म हलली नाहीत.

"डोळे पाठीला असते तर वाचता आलं असतं बघा," जोडणीवाल्या बाई म्हणाल्या.

तो हसला नाही. पडदा कोणत्या बाजूने रंगवला जाणार, हे पडदा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, फाइलीतला एक आकडा ठरवतो. शून्य असेल तर डावीकडून, एक असेल तर उजवीकडून. त्याने फाइल उघडली. तिथे एक होता. शेजारी टीप होती: 'हा आकडा बदलू नये.'

टीप त्याच्या भाचीने लिहिली होती. वर्षभरापूर्वी त्याच्याच शब्दावर तिला इथे घेतले होते.

चूक झाली असती तर त्याने समजून घेतले असते. चुकीवर पहारा बसवणे त्याच्या समजुतीपलीकडचे होते. त्याने तिला बोलावून घेतले.

"हे काय आहे?"

"ते तसंच हवंय, मामा."

"इथे सर."

"तसंच हवंय, सर."

"कोणाला?"

"ग्राहकाला. त्या गॅरेजवाल्यांचा फोन आला होता. म्हणाले, ताई, अक्षरं उलटीच द्या."

"का?"

"ते नाही विचारलं."

"लेखी दिलंय?"

"नाही."

त्याने मागणीपत्र तिच्यापुढे सरकवले. 'लांबट पडदे, चाळीस नग. बसवण्याची जागा: वाहन, बाहेरून. मजकूर: ग्राहक भरेल.'

"यात 'उलटी' हा शब्द मला बोट ठेवून दाखव."

"नाहीये. पण त्यांनी दोनदा बजावून सांगितलं. वस्तू त्यांची, त्यांना माहीत असणार ना?"

"हे कारण नव्हे, ही श्रद्धा झाली. सरळ अक्षर कोणाला नको असतं?"

"मग उलटं मागणारा माणूस वेडा आहे का? तुम्हीच विचारा ना त्यांना."

"उलट उत्तरं आपल्या घरी द्यायची."

तरीही त्याने विचारले. पुराव्याची संधी नाकारणे त्याच्या शिस्तीत बसत नव्हते. फोनचा स्पीकर लावून, तिच्या देखत विचारले. पलीकडे पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

"एकच प्रश्न आहे. हो किंवा नाही, एवढंच सांगा. रस्त्यावरच्या माणसाला ही अक्षरं सरळ दिसायला हवीत ना?"

"हो तर! सरळच दिसली पाहिजेत, साहेब. नजर पडली की कळली पाहिजेत. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. मी तुमच्या त्या ताईंना मुद्दाम—"

"आभारी आहे." त्याने फोन ठेवला.

"ते पुढे काहीतरी सांगत होते," भाची म्हणाली.

"प्रश्नाचं उत्तर मिळालं."

"तुमच्या प्रश्नाचं मिळालं."

त्याने अहवाल एका पानात संपवला. विशेषणे वापरली नाहीत. त्यांची गरजच नव्हती. अभियंत्याने सदोष आकडा भरला, त्याला हात लावू नये अशी टीप ठेवली आणि विचारणा होताच ग्राहकाच्या नावाने तोंडी निरोप पुढे केला. ग्राहकाने अभियंत्याच्याच देखत फोनवर नेमके विरुद्ध सांगितले. सबब, चूक क्षम्य, बनाव अक्षम्य.

मालकीणबाईंनी पान दोनदा वाचले. "तुमची सख्खी भाची ना?"

"म्हणूनच फोन करून खातरजमा केली. परकी असती तर फाइल पुरेशी होती."

दुपारीच तिला कामावरून कमी केले. तिने आपला पेचकसांचा संच आणि कप पिशवीत टाकला आणि त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मामा, मी खोटं बोलले नाही."

या वेळी त्याने 'सर' म्हणायला सांगितले नाही.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, एका आकड्यापायी पोरीला घरी बसवलंस?"

"आकड्यापायी नाही. खोटं बोलली म्हणून."

"ती खोटं बोलत नाही. कडेवर घेऊन फिरवलंयस तिला, तुला माहीत नाही?"

"माहीत असणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं."

"मग सिद्ध झालेल्या भाच्या शोध जा," बहीण म्हणाली आणि तिने फोन आपटला.

त्याला वाईट वाटले नाही. चीड आली. चूक करणारी राहिली बाजूला, चूक दाखवणाराच आरोपी! दुसऱ्या दिवशी त्याने चाळीस बोर्डांवर एकाच्या जागी शून्य भरले आणि टीप पुसून टाकली. चाळीसही पडद्यांवर 'चाचणी' लख्ख, सरळ उमटली. जोडणीवाल्या बाईंनी खोकी बांधली. माल ठरल्या तारखेला रवाना झाला.

नवव्या दिवशी चाळीसही खोकी परत आली.

वरच्या खोक्याला परतीचा फॉर्म चिकटवला होता. 'दोष' या रकान्यात लिहिले होते: 'अक्षरे सरळ आहेत.'

"बघा!" त्याने मालकीणबाईंना हाक मारली. त्याचा आवाज चढला होता. "फोनवर सरळ हवीत म्हणणार आणि सरळ दिली की परत पाठवणार! या माणसांना आपण काय बोललो ते तरी आठवतं का?"

मालकीणबाईंनी फॉर्म हातात घेतला आणि खालचा रकाना मोठ्याने वाचला. 'पडद्याचा वापर' या छापील शब्दांपुढे गॅरेजवाल्याने जाड पेनाने लिहिले होते:

'रुग्णवाहिकेच्या तोंडावर बसतो. पुढच्या गाडीचा चालक तो आरशात वाचतो.'