खुंटीवरची टोपी

या, असे जवळ सरका. आमच्या बंदरातल्या एका सकाळची गोष्ट सांगतो. देवाचं नाव घ्या आणि ऐका, फार लांबवणार नाही.

बर्लिनहून रात्री निघालेली गाडी जहाजाच्या पोटात बसून समुद्र ओलांडून आली होती आणि जहाज स्वीडनला, आमच्या ट्रेलेबोर्गच्या धक्क्याला लागलं होतं. डब्यांत माणसं अजून झोपलेली. जहाजाचं मोठं दार उघडलेलं, रुळाला रूळ जुळलेला, इंजिन डब्यांना जोडून वाफ सोडत उभं. भर समुद्रात डबे हलू नयेत म्हणून त्यांना जखडणाऱ्या साखळ्याही सोडून झाल्या होत्या. फक्त साखळीवाल्यांचा मुकादम एवाल्ड हिरवा बावटा वर करत नव्हता.

दाराशी खुंट्यांची फळी आहे. डब्यांखाली शिरताना साखळीवाल्यानं आपली टोपी खुंटीला अडकवायची, बाहेर आला की डोक्यावर घालायची. सगळ्या खुंट्या मोकळ्या झाल्या की बावटा. आज एका खुंटीवर लाल लोकरीची टोपी तशीच होती. अल्बिनची. एवाल्डच्या जावयाची.

"एवाल्डकाका, अहो तो दवाखान्यात गेला!" साखळीवाला रुने म्हणाला. "मघाशी धक्क्यावरून ओरडून निरोप दिला ना, तुमच्या लेकीला मुलगी झाली म्हणून. तो उडी मारूनच पळाला असणार."

"तू पाहिलंस त्याला जाताना?"

"पाहिलं असं नाही..."

"बाहेर बर्फ पडतंय. असल्या थंडीत टोपी टाकून कोण जाईल?"

"बाप झालेला माणूस! आणि तुम्ही आजोबा झालात, जरा हसा तरी."

एवाल्ड हसला नाही. रुनेनं धक्क्यावरून दवाखान्यात फोन केला. अल्बिन तिथं पोचला नव्हता. म्हणजे वाटेत असेल. किंवा वाटेत नसेल. साखळ्या निघत असताना इंजिनानं डब्यांना एक हिसका दिला होता. तो सगळ्यांनाच आठवत होता.

झोपायचा झगा घातलेले एक गृहस्थ डब्याच्या दारात आले. "काय चाललंय काय? मला दुपारी स्टॉकहोमला पोचायचंय. एका टोपीसाठी गाडी अडवलीय म्हणे!"

"हो साहेब," एवाल्ड म्हणाला. "टोपीसाठीच."

पोरांनी कंदील घेऊन चाकाचाकाशी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. पण कडेच्या रुळावर डबा आणि जहाजाची भिंत यांत इतकी चिंचोळी जागा, की तिथं कंदीलही शिरत नाही. एवाल्ड तिथं पोटावर आडवा झाला.

रोज साखळ्या सोडताना तो स्तोत्राची पहिली ओळ म्हणायचा आणि दुसरी ओळ कुठल्या तरी डब्याखालून अल्बिन उचलायचा. बेसूर, पण खणखणीत. एवाल्डनं अंधारात पहिली ओळ लावली. थांबला. चाकांवरून पाणी ठिबकत होतं. सरपटत पुढच्या डब्याशी गेला, पुन्हा तीच ओळ. काही नाही.

त्याच्या पुढच्या डब्याशी दुसरी ओळ आली.

एवाल्ड झपाट्यानं पुढे सरकला. पण आवाज वरून येत होता, बाईचा. पडद्याआड जागी झालेली कुणी म्हातारी अंथरुणातूनच गात होती. एवाल्डनं कपाळ गार लोखंडाला टेकलं. "देवा, हिचा आवाज ऐकवलास. आता त्याचाही ऐकव."

तो बाहेर आला तेव्हा जहाजावरचा अधिकारी वाट बघत उभा होता. "एवाल्ड, पुरे आता. पोरगा दवाखान्याच्या वाटेवर आहे, सगळे म्हणतायत. माझ्या जबाबदारीवर सोड गाडी."

"जबाबदारी तुमची, साहेब. पण पाय त्याचे."

एवढं बोलून त्यानं बावटा कोटात खुपसला, धक्क्यावर उतरला आणि इंजिनासमोर रुळावर जाऊन बसला. गार्डानं शिटी तोंडाला लावली होती, ती तशीच खाली घेतली. बर्फ एवाल्डच्या खांद्यांवर साचत राहिलं.

मग गावाच्या बाजूनं कुणीतरी पळत येताना दिसलं. घसरत, पडत, पुन्हा उठत. केस बर्फानं पांढरे, कान लालबुंद.

"बाबा! गाडी... सुटली नाही ना?"

एवाल्ड उठला.

"बाळ पाहिलंस?"

"कुठलं! चर्चपर्यंत पोचलो आणि कान झोंबायला लागले. म्हटलं, मेलो! टोपी खुंटीवर. आता बाबा काही गाडी सोडत नाहीत."

"मग फोन करायचास ना कुठून तरी, गाढवा!" रुने ओरडला.

"फोननं टोपी निघते का?"

एवाल्डनं आधी त्याच्या एक थोबाडीत दिली. मग आत जाऊन टोपी आणली आणि स्वतःच्या हातांनी त्याच्या कानांवर ओढून बसवली. तिरकी बसली, म्हणून पुन्हा बसवली.

"जा आता. पोरी वाट बघतायत."

बावटा वर गेला. डबे एकेक करून उजेडात आले. गृहस्थांनी खिडकीचा पडदा रागानं ओढून घेतला.

तर मंडळी, तुम्ही कधी त्या गाडीनं गेलात आणि ती धक्क्यावर उगाच उभी आहे असं वाटलं, तर खुशाल चिडा. मागं एकदा, खुंट्या नव्हत्या तेव्हा, ती अगदी वेळेवर सुटली होती. त्या सकाळी डब्याखालीच राहून गेलेल्या लुडविगची तेवढी आठवण असू द्या.