आठ ते सव्वाआठ

धरणगावचे तोतारामआबा सकाळी आठ ते सव्वाआठ कुणालाच भेटत नाहीत. याला कारण नातीचं रबरी बदक.

सारिकाने, म्हणजे सुनेने, आंघोळीच्या वेळी ते दाबलं, तर आतून काळी बुरशी बादलीत आली. “आबा, हे आता फेकायचं.” यावर चार वर्षांच्या तनूने घर डोक्यावर घेतलं.

आबांचा जन्म केळीला पाणी देण्यात गेलेला. त्यांनी बदक उकळत्या पाण्याने धुतलं, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं आणि पोटाखालच्या भोकात ठिबकच्या नळीचं बूच बसवलं. “आते भोकच नही शे, पाणी कथाईन जाई?”

पाणी गेलं नाही. बुरशी संपली. तनूने मात्र बदक तीनदा दाबून पाहिलं आणि रडवेली झाली. “आबा, तू याचा आवाज घालवला!” त्या दिवशी तिने अंगावर थेंबही घेतला नाही.

परवा सोसायटीचे चेअरमन नेमके आठला आले. ओसरीत चहा घेताना त्यांनी कान टवकारले.

“वहिनी, बदकं पाळली का?”

“नाही भाऊ,” सारिका म्हणाली. “आबा न्हाणीच्या दाराशी बसलेत. तनूची आंघोळ चाललीय.”