पदराच्या गाठीत

केतकीच्या डोक्यातून काढलेली चिप कंपनीच्या इंजिनिअरने टेबलावर ठेवली. शर्टाच्या बटणाएवढी होती.

"चिपमध्ये दोष नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "चार वर्षांत सहाशे आकड्या तिनं सुरू व्हायच्या आधीच विझवल्यात. पण शेवटचे नऊ दिवस ती रोज झोपायच्या वेळी बंद पडायची आणि सकाळी चालू व्हायची. डोक्याशी चुंबक ठेवल्याशिवाय असं होत नाही."

दिनकररावांना आभाळ फाटल्यासारखं झालं. "म्हणजे आमच्या पोरीनं स्वतःच…? साहेब, पुढच्या महिन्यात लग्न होतं हो तिचं!"

दाराशी उभ्या असलेल्या अनसूयेनं पदराची गाठ मुठीत धरली. केतकी लहान असल्यापासून ती लेकीच्या उशीखाली लोखंडी अडकित्ता ठेवायची. लोखंड जवळ असलं की आकडी फिरकत नाही, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. लग्न ठरलं तसा तिचा जीव आणखीच धास्तावला. जत्रेतून तिनं एक चुंबक आणलं आणि केतकीच्या नकळत अडकित्त्याशेजारी ठेवलं. लोखंड ओढणारं ते आकडीसुद्धा ओढून घेईल, एवढंच तिच्या मनात होतं. दहाव्या दिवशी केतकी उठलीच नाही. लेकीच्या उशाची वस्तू म्हणून अनसूयेनं ते चुंबक पदराच्या गाठीत बांधलं होतं.

"अगं, तू तरी सांग," दिनकरराव रडत म्हणाले, "कसलं दुःख होतं तिला?"

अनसूया टेबलाजवळ आली. तिनं पदराची गाठ टेबलावर ठेवली. ती इवलीशी चिप सरकत सरकत आली आणि गाठीला चिकटली.