रुग्ण एकोणीस

सुनेचं संशोधन ऐकायला सासूबाई कौतुकाने सभागृहात आल्या. किडलेल्या दातात भरायच्या नव्या रेझिनचा टिकाऊपणा ती तपासत होती. पडद्यावर दाढ उमटली. कडेला भेग, खाली ‘रुग्ण एकोणीस’. सासूबाईंची जीभ आपसूक डाव्या दाढेकडे गेली. तीच भेग! ती दाढ भरल्यापासून दर सहा महिन्यांनी सून लाडाने म्हणायची, “आई, जरा आ करा बघू.” पोटची लेकही एवढी काळजी घेणार नाही, असं त्या शेजारणीला सांगत. ते तर मोजमाप होतं! प्रश्नांची वेळ होताच त्या पडद्याकडे बोट दाखवत उठल्या. “या बाईला विचारलं होतंस का गं, प्रयोगातलं सिमेंट भरतेस ते?” सून चाचरली. “सगळ्यांच्या संमतीपत्रांवर सह्या आहेत.” “मी नाही केली.” सुनेची नजर पहिल्या रांगेकडे वळली. तिथे, लहानपणी प्रगतिपुस्तकावर आईची हुबेहूब सही ठोकणारा त्यांचा मुलगा मान खाली घालून बसला होता.