खिडकीजवळची खुर्ची

तीन दिवस ऑफिस आणि तीन दिवस घर असा नियम झाला, तेव्हापासून जळगावच्या त्या ऑफिसात कुणाची जागा ठरलेली राहिली नाही. आधी येईल तो बसेल. एरंडोलची बस पोहोचेपर्यंत उषाताईंच्या वाट्याला संडासाजवळची खुर्चीच उरायची.

मग त्यांनी एसटीचा कायदा लावला. बुधवारी निघताना खिडकीजवळच्या खुर्चीवर आपला पिवळा रुमाल टाकला. सगळे हसले.

सोमवारी पाहतात तर रुमाल तसाच आणि खुर्ची रिकामी.

"रुमाल टाकलेल्या जागेवर कोण बसणार, ताई?" शेजारचा विक्रम हिरमुसून म्हणाला.

दीड महिना हेच चाललं. फक्त दर सोमवारी सकाळी खुर्ची कोमट लागायची, जणू आत्ताच कुणी उठून गेलंय. उन्हानं तापली असेल, असं उषाताई मनाशी म्हणायच्या. खिडकी पश्चिमेची होती.

या बुधवारी साहेबांनीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ती जागा उषाताईंची. विषय संपला!"

"आते कोनी उठाडाव नही, अक्का!" शिपाई रोहिदासनानांनी टाळी वाजवली. उषाताई गाणं गुणगुणत घरी आल्या.

गुरुवारी घरून काम. घरात त्या एकट्याच. चहाचा कप घेऊन त्या ऐटीत टेबलाशी आल्या, लॅपटॉप उघडला, खुर्ची मागे ओढली.

खुर्चीवर कुणाचा तरी निळा रुमाल टाकलेला होता.