बिनअंड्याचा केक

मन्मथअप्पांच्या घरात अंडं कधी उंबरा ओलांडून आलं नव्हतं. "निस्ती कस्टर्ड पावडर हाय, मामा," म्हणत सून ईश्वरीनं मोबाईलवर बघून केलेला इटालियन केक कापला. खुसखुशीत पारी, आत पिवळंधमक कस्टर्ड. अप्पांनी हात पुढं केला, तोच सासूनं, मल्लम्मांनी, ताटली ओढून घेतली. "शुगर वाढलीय तुमची. न्हाई खायचं!" आपले दात दुखायलेत म्हणत स्वतःचाही तुकडा त्यांनी बाजूला सारला.

बसायला आलेल्या शेजारच्या सवितासमोर ईश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे पुसत ती स्वयंपाकघरात गेली. मल्लम्मा पाठोपाठ आल्या आणि हळूच म्हणाल्या,



"अंड्याची टरफलं उकिरड्यात पुरून आले, माय. ओट्यावरच ठिवली होतीस."