अवघड मोर

पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी बटण दाबलं आणि काँप्युटरच्या पडद्यावर कलश उमटला. टाळ्या पडल्या. साहेबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तोच कलश.

"आयला, मला पण येतंय की!" साहेब म्हणाले.

देवदत्त सर धन्य झाले. कराडला शिकून त्यांनी कोरेगावात सत्त्याण्णव साली क्लास काढला होता आणि 'कुंचला' नावाचा प्रोग्राम बनवला होता. मराठीत हुकूम सोडायचे, पडद्यावर चित्र उमटायचं. सामान्य माणसाला प्रोग्रामिंग आलंच पाहिजे, असं ते चहा पितानाही म्हणत. सामान्य माणूस म्हणून त्यांना चंद्राबाई सापडल्या.

चंद्राबाई कसल्या सामान्य! पंधरा एकर ऊस आणि तोंड त्याहून मोठं. भावकीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर छापखान्याचा तोच तो कलश असायचा. आपल्या लेकीच्या, साक्षीच्या पत्रिकेवर मात्र स्वतः काढलेला मोर छापायचा आणि जावांचा जळफळाट बघायचा, एवढ्यासाठी त्या क्लासला आल्या. 'पुढे', 'वळ', 'पुन्हा' असे हुकूम सोडत त्यांनी मोर उभा केलासुद्धा. मान वाकडी, पिसारा एका अंगाला जास्त. पण तो त्यांचा होता. बाई हरखून गेल्या.

सरांना फक्त वाकडी मान दिसली. ते रागावले नाहीत. सर फार दयाळू. चूक बाईंची नव्हे, कुंचल्याची, असं म्हणून त्यांनी 'वळ' काढून टाकला. 'पुन्हा'नं लोक गोंधळतात, म्हणून तोही काढला. असं करत करत एक बटण उरलं. आता कुणाचं म्हणजे कुणाचं चुकणार नव्हतं.

चंद्राबाईंना हे कळलं ते थेट नव्या कुंचल्याच्या उद्घाटनाला. छापखान्यात पत्रिका मोरासाठी अडली होती. साहेब उठल्यावर त्या घाईनं खुर्चीत बसल्या, बटण दाबलं. कलश.

"सर, माझा मोर कुठं हाय?"

"नव्या कुंचल्यात जुनं काही उघडत नाही, बाई. फार अवघड होतं ना ते!"

एवढ्यात सरांनी कौतुकानं माईक त्यांच्यापुढे धरला. "या आमच्या पहिल्या विद्यार्थिनी. सांगा चंद्राबाई, आधी तुम्हाला यातलं काही येत होतं का?"

चंद्राबाईंनी माईक हिसकून घेतला.

"येत व्हतं की! तुमी सोपं करंस्तवर."